‘कीप’चे साक्षीदार

सरांच्या पुस्तकातली सतरा वाक्यं खोटी होती आणि ती मी रचली होती. पुस्तक इंग्रजीतल्या ‘कीप’ या एकाच शब्दावर होतं. त्याच्या पहिल्या पानावर सरांनी लिहिलं होतं, ‘या पुस्तकातले एकही वाक्य रचलेले नाही. प्रत्येक वाक्य पुण्यात कोणीतरी कोणालातरी खरोखर म्हटलेले आहे.’ छापखान्यात द्यायची प्रत माझ्या अक्षरात होती, त्यामुळे हे पानसुद्धा मीच लिहिलं. त्या दिवशी अक्षर नेहमीपेक्षा जास्तच वळणदार आलं होतं.

‘सर’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोट, टाय आणि खडू आला असेल तर तो पुसून टाका. सरांनी जन्मभर विजेचे मीटर वाचले. सायकल, खांद्याला खाकी पिशवी, हातात बॅटरी आणि काखेत जाडजूड रजिस्टर. पुण्यात असा जिना नसेल की ज्याच्याखाली सर वाकले नाहीत. मीटर जिन्याखाली असायचा आणि सरांचं म्हणणं असं की माणसं खरं बोलतात ती जिन्यात. “दिवाणखान्यात बोलतात ते पाहुण्यांसाठी,” ते म्हणायचे. इंग्रजी ते असं जिन्याखाली शिकले. वर एखाद्या डॉक्टरीणबाई ड्रायव्हरला काही बोलल्या, एखादे मेजरसाहेब बायकोला काही बोलले, की सर आधी वाक्य लिहायचे आणि मग आकडा. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याकडे अशा वाक्यांच्या बावीस वह्या होत्या. पुस्तकं वाचून शिकलेलं इंग्रजी त्यांना थोडं संशयास्पद वाटायचं. घरात शब्दकोश होता, पण तो दुपट्यात बांधून कपाटात. “त्यात शब्द असतात, पण कोरे. कुणी वापरलेले नाहीत.”

नोकरीतली त्यांची एक गोष्ट मला त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यानं सांगितली. घर बंद असलं की मीटरवाल्याला एक सोय असायची. मागच्या महिन्यांची सरासरी काढून आकडा टाकायचा आणि पुढच्या घरी जायचं. सगळे टाकायचे. सरांनी कधी टाकला नाही. ते परत जायचे.

“किती वेळा?” मी एकदा सरांनाच विचारलं.

“घर उघडेपर्यंत,” सर म्हणाले. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असा त्यांचा चेहरा होता.

सर इंग्रजीचा वर्ग घेत तो कर्वेनगरात, रामभाऊंच्या गाळ्यात. तेव्हा तिकडं बंगले तुरळक आणि शेतं जास्त होती. रामभाऊंचं घराणं मूळ तिथल्याच गावातलं. थोडी जमीन बंगल्यांना गेली होती, थोडी उरली होती, आणि रस्त्याच्या कडेला त्यांनी दोन गाळे बांधले होते. एका गाळ्यात पिठाची गिरणी आली. दुसऱ्याला भाडेकरू मिळेना म्हणून तिथं सर आले. मागं म्हशींचा गोठा. रविवारी सकाळी शटर वर गेलं की आत आठ-दहा खुर्च्या, एक फळा आणि फळ्यावर एकच शब्द. तो शब्द पुढचे तीन-चार महिने पुसला जात नसे. ‘गेट’चा एक पावसाळा झाला, ‘टेक’चा एक हिवाळा झाला. मी गेलो तेव्हा ‘कीप’ चालू होता.

“इंग्रजीत शब्द भरपूर आहेत,” सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, “पण रोज कामावर येणारे थोडे. बाकीचे पेन्शनर. आपण कामावरच्यांशी ओळख करून घेऊ.”

मी बी.ए. होतो. हे मी त्यांना पहिल्या पाच मिनिटांत दोनदा सांगितलं. बी.ए. असूनही तीन मुलाखतींत मी नापास झालो होतो, हे सांगितलं नाही. समोरच्यानं इंग्रजीत काही विचारलं की मी पाण्याचा पेला उचलायचो आणि तो संपेपर्यंत खाली ठेवायचो नाही. तिसऱ्या मुलाखतीत पेला दुसऱ्यांदा भरून मागितला होता.

“कीप म्हणजे काय?” सरांनी विचारलं.

“ठेवणे,” मी म्हणालो. बी.ए.च होतो.

“शाळेत एवढंच शिकलेला माणूस जन्मभर ठेवतच राहतो. वचन ठेवतो, कोंबड्या ठेवतो, दूध ठेवतो. अहो, वचन आपण पाळतो. दूध टिकतं. रस्त्यात डाव्या बाजूनं राहतो. बोलू नका म्हटलं की गप्प बसून राहतो. डॉक्टर आपल्याला ताटकळत बसवतात. एखादा मुद्दा संपत नाही, माणूस बोलतच सुटतो. या सगळ्याला इंग्रज एकच शब्द वापरतो, कीप. आता ‘कीप’ म्हणजे काय हे विचारायचंच नाही. ‘कीप’ कोण, कुणाला, कधी म्हणालं, ते विचारायचं.”

सरांची पद्धत एवढीच होती. प्रत्येकानं दर रविवारी ‘कीप’चं एक वाक्य आणायचं. ते बाहेर कुणीतरी खरं बोललेलं हवं आणि ऐकणारा एक साक्षीदार हवा. वाक्य सांगितलं की सर कानावरची पेन्सिल काढून विचारायचे, “कोण म्हणालं? कुणाला? कुठं? साक्षीदार कोण?” चारही उत्तरं आली तर वाक्य वहीत जायचं. एक जरी अडलं तरी सर पेन्सिल परत कानावर ठेवायचे, आणि तो आवाज, म्हणजे पेन्सिल कानावर ठेवण्याचा जो काही आवाज असेल तो, अख्ख्या वर्गाला ऐकू यायचा.

ट्रकच्या मागं ‘कीप डिस्टन्स’ लिहिलेलं असतं. अंतर ठेवा. ते एकानं आणलं तेव्हा वर्गात मोठा वाद झाला. लिहिलेलं बोललेलं धरायचं का? सरांनी निकाल राखून ठेवला आणि पुढच्या शनिवारी सायकल काढून मार्केट यार्डात गेले. सोबत मी. ट्रक रंगवणारा पेंटर एका चाकावर बसून काम करत होता.

“तुम्ही हे लिहिताना मनात म्हणता का?” सरांनी त्याला अतिशय आदरानं विचारलं.

पेंटरनं सरांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. “मनात मी गिऱ्हाईकाला शिव्या देतो,” तो म्हणाला.

वाक्य बाद. पण परत निघालो तर कांद्याच्या गोण्यांच्या गर्दीतून पाठीवर पोतं घेतलेला एक हमाल ‘कीप डिस्टन, कीप डिस्टन’ असं ओरडत वाट काढत गेला. ट्रकवर वाचून वाचून त्यानं ते उचललं होतं. सर भर बाजारात उभे राहिले. मग त्या हमालाच्या मागं पळत गेले, त्याचं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि पोतं उतरवून होईपर्यंत थांबून त्याला चहा पाजला. परत येताना ते मला म्हणाले, “बघा, शब्द कामाला लागला.” इतका आनंद झालेला माणूस मी मुलाखतीत पास झालेल्यांमध्येही पाहिलेला नाही.

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, या छंदाकडं शांतपणे पाहत. एकदा दाताच्या डॉक्टरांनी सरांना ‘कीप युवर माउथ ओपन’ असं सांगितलं, तोंड उघडंच ठेवा. तर सरांनी तोंड मिटलं आणि पेन्सिल मागितली. हे काकूच सांगायच्या, आणि शेवटी म्हणायच्या, “दात दुसऱ्या दिवशी काढला. वाक्य त्याच दिवशी.”

या बावीस वह्यांचं काहीतरी व्हावं असं आम्हाला सगळ्यांना वाटायचं. मग ठरलं की आधी एका ‘कीप’चं पुस्तक काढायचं. शिकणाऱ्यांसाठी, खरं बोललेल्या वाक्यांचं. सरांनी नियम केला की प्रत्येक अर्थाला निदान चार वाक्यं हवीत. तीन असली तर तो अर्थच छापायचा नाही. एका कॉलेजातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांना हे कळलं, तेव्हा ते एका कार्यक्रमात सरांना चार लोकांदेखत म्हणाले, “मीटरवाल्याचं इंग्रजी? छापा, छापा. त्यातली पाच वाक्यं घेऊन मी स्वतः साक्षीदारांच्या घरी जाईन.” मला राग आला. सरांना नाही. घरी येऊन त्यांनी साक्षीदारांचे पत्ते पुस्तकाच्या शेवटी छापायचं ठरवलं. “त्यांना शोधाशोध नको,” म्हणाले.

काही अर्थांना वाक्यं कमी पडत होती. ती गोळा करायला सरांनी मला डेक्कन आणि कॅम्पात पाठवलं, कारण मी बी.ए. होतो. मी दोन दिवस हिंडलो. ‘कीप’ कुणी म्हणेना. तिसऱ्या दिवशी बागेत बाकावर शेंगा खाताना पहिलं वाक्य रचलं. तेव्हा कुणी पाहतंय का ते आधी बघून घेतलं. दुसऱ्याला बघितलं नाही. सातव्यापासून मला मजा यायला लागली. साक्षीदारही मीच जन्माला घातले. ‘कॅम्पातल्या एक वृद्ध पारशी बाई, सोबत दोन कुत्री’. कुत्र्यांमुळे खरं वाटतं असं माझं मत होतं. ‘बाळगणे, पाळणे’ या अर्थाखालचं चौथं वाक्य तर मला स्वतःलाच फार आवडलं होतं. ‘ही कीप्स पिजन्स अँड अ डायरी.’ तो कबुतरं पाळतो आणि रोजनिशी लिहितो. एका दगडात दोन पक्षी, आणि त्यातली कबुतरं तर खरेच पक्षी. सरांनी वाचलं, पेन्सिल वहीवर टेकवली आणि म्हणाले, “अरे वा. भाग्यवान आहात. मला इतक्या वर्षांत असं ऐकायला मिळालं नाही.”

त्यांच्या डोळ्यांत किंचित हेवा होता. मी त्यांची नजर टाळून काकूंकडं पाणी मागितलं.

याच सुमारास रामभाऊंनी त्यांचं पहिलं वाक्य आणलं. गाळेमालक असूनही रामभाऊ वर्गाला बसायचे आणि चार महिने दर रविवारी हात हलवत येत होते. “न्हाई गावलं मास्तर,” म्हणायचे आणि मागं बसायचे. त्यांच्या शेताला आणि गाळ्याला लागून एका निवृत्त कर्नलसाहेबांचा बंगला झाला होता. जमीन रामभाऊंचीच होती आणि म्हशीला व्यवहार कळलेला नव्हता. ती एक दिवस जुन्या सवयीनं कर्नलसाहेबांच्या हिरवळीवर गेली. कर्नलसाहेब बाहेर येऊन गरजले, “कीप युवर बफेलो ऑफ माय लॉन.” तुझी म्हैस माझ्या हिरवळीपासून लांब ठेव.

“मी म्हटलं साब, परत बोला, लिव्हून घेतो,” रामभाऊ वर्गात सांगत होते. “त्येंला वाटलं मी केस करतोय. पर परत बोलले. आनि त्येंची मंडळी बाहेर आली, तिला म्हटलं वैनी, तुमी साक्षीला.”

सरांनी ते वाक्य वहीत घेतलं तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या. रामभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. पन्नाशी ओलांडलेला माणूस, चार महिने थांबला आणि एक वाक्य खरं आणलं. मी शेंगा खात सतरा आणली होती.

तरीसुद्धा मी लगेच कबूल केलं नाही. माझ्यातला बी.ए. अजून आठ दिवस टिकला. छापखान्यात पानं जुळवायला सुरुवात झाली. एके संध्याकाळी सर माझ्यासमोर साक्षीदारांची यादी घेऊन बसले. “या पारशी बाईंना पुस्तकाची एक प्रत नेऊन द्यायला हवी,” ते म्हणाले. “कुत्र्यांसाठी काय न्यावं?”

तेव्हा मी सांगितलं. सतराच्या सतरा. आकडे सांगताना आवाज इतका बारीक झाला होता की नववं वाक्य मला दोनदा सांगावं लागलं.

सरांनी वही उघडून एकेका वाक्यापुढं पेन्सिलीनं ठिपका दिला. चष्मा काढला, पुसला, घातला. मला वाटलं आता ते मला हाकलतील, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाट पाहत होतो, कारण त्यात निदान प्रकरण संपलं असतं. काकू आतून चहा घेऊन आल्या. कप माझ्यासमोर ठेवत म्हणाल्या, “घ्या. हा खरा आहे.”

“वाक्यं वाईट नाहीत,” सर शेवटी म्हणाले. “अजून कुणी बोललेली नाहीत, एवढंच.” मग कॅलेंडरकडं पाहून म्हणाले, “छापखाना ही पानं महिनाभर थांबवेल. मी त्यांना सांगतो. हीच वाक्यं सापडली तर उत्तम. नाहीतर त्याच अर्थाची दुसरी. पण माणसाच्या तोंडून. ‘असं म्हणा’ असं कुणाला सांगायचं नाही. पुस्तकासाठी हवंय हेही सांगायचं नाही. प्रसंग घडवलात तर चालेल. वाक्य घडवायचं नाही.”

“आणि नाही मिळाली तर?”

“तर पुस्तक नाही,” सर म्हणाले. आवाज चढला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात सायकलची घंटा वाजली. पाहतो तर सर. “चला,” म्हणाले. “चूक तुमची असली तरी अर्थ माझे आहेत.” त्या वेळी त्यांचं वय पासष्टच्या पुढं होतं आणि गुडघा दुखत होता.

त्या महिन्यात मला पुण्याविषयी एक गोष्ट कळली. पुणेकराला कितीही इंग्रजी येऊ द्या, अपमान तो मराठीतच करतो. ‘आवाज खाली ठेवा’ या अर्थाचं वाक्य मिळवायला मी एका वाचनालयात मोठ्यानं वर्तमानपत्र वाचू लागलो. ग्रंथपालांनी मान वर न करता विचारलं, “घरी कुणी ऐकत नाही का?” पुढच्या वाचनालयात, “आकाशवाणी पलीकडच्या रस्त्यावर आहे.” तिसऱ्यात त्यांनी नुसती दाराकडं बोट केलं, म्हणजे तिथं मराठीसुद्धा खर्च केली नाही.

‘डॉक्टरांना ताटकळत ठेवू नका’ यासाठी मी कॅम्पातल्या एका दवाखान्यात नाव नोंदवून बसलो. नाव पुकारलं की उठायचं नाही, असा बेत. पहिल्या दिवशी तिथल्या बाई म्हणाल्या, “अहो, झोपलात का?” दुसऱ्या दिवशी शेजारच्या पेशंटनं मला हलवलं. तिसऱ्या दिवशी त्या बाई टेबलावरून उठल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “प्लीज डोन्ट कीप द डॉक्टर वेटिंग.” मी त्यांचे इतके आभार मानले की त्यांनी डॉक्टरांना बाहेर बोलावलं. सर रस्त्यापलीकडं सायकल धरून तीन दिवस उभे होते. मी धावत जाऊन सांगितलं. त्यांनी पेन्सिल काढली. “साक्षीदार?” मी शेजारच्या पेशंटचं नाव सांगितलं. दोनदा विचारून घेतलं होतं.

दुधाचं वाक्य कात्रजला मिळालं, आपसूक. डेअरीसमोरच्या थांब्यावर बसची वाट पाहत असताना एक साहेबी थाटाचे गृहस्थ बायकोला म्हणाले की या उन्हात दूध टिकणार नाही. इंग्रजीत म्हणाले, ‘कीप’ घालून म्हणाले, आणि आम्हाला बस चुकवावी लागली, कारण सर त्यांना पत्ता विचारत राहिले. हळूहळू ठिपके पुसले जात होते. मधेच एकदा कॅम्पात एका बाईंनी मला इंग्रजीत रस्ता विचारला आणि मी तो सांगितला. वळणं-बिळणं सगळी. त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आसपास पाण्याचा पेला नव्हता. सरांनी हे पाहिलं होतं. ते एवढंच म्हणाले, “दुसरं वळण डावीकडं नाही, उजवीकडं आहे. त्या आता कुठं पोचतील कोण जाणे.”

शेवटच्या आठवड्यात एकच ठिपका उरला. कबुतरांचा.

आता तुम्ही म्हणाल, त्या अर्थाचं दुसरं वाक्य सहज मिळालं असतं. कॅम्पात कुत्रा पाळणाऱ्या कितीतरी बायका. काकूही तेच म्हणाल्या. पण मला माझंच वाक्य हवं होतं. माझ्या डोक्यात असं बसलं होतं की ते एक खरं करून दाखवलं तर मी मुळात खोटा ठरतच नाही, फक्त थोडा घाईचा ठरतो. म्हणून मी आधी पेठांमधून कबुतरं पाळणारे शोधले. सात सापडले. त्यातला एकही रोजनिशी लिहीत नव्हता. एकानं विचारलं, “कशाला? कबुतरं वाचतात का?”

मग मी रामभाऊंकडं गेलो आणि त्यांनाच कबुतरं पाळायला सांगितलं. बेत सोपा होता. रामभाऊंनी गाळ्याच्या गच्चीवर कबुतरं ठेवायची, रोज संध्याकाळी तिथंच बसून रोजनिशी लिहायची. कर्नलसाहेब हिरवळीवरून हे पाहणार, आणि कधीतरी बायकोला सांगणार, की हा माणूस कबुतरं पाळतो आणि रोजनिशी लिहितो. मी कुंपणाशी कान देऊन बसणार.

“मास्तरांचं पुस्तक त्याच्यावाचून अडलंय?” रामभाऊंनी विचारलं.

“अडलंय.”

“मग आनतो.” त्यांनी कात्रजच्या मेव्हण्याकडून चार कबुतरं आणली आणि म्हशीच्या गव्हाणीशेजारचं खोकं गच्चीवर चढवलं. रोजनिशीही मनापासून लिहिली. मी पाहिली ती. ‘गुरुवार. म्हशीनं दूध कमी दिलं. शुक्रवार. तसंच. शनिवार. कबुतरांचं कळत न्हाई.’

तीन संध्याकाळी कर्नलसाहेब हिरवळीवर चहा प्यायले आणि त्यांनी गच्चीकडं ढुंकून पाहिलं नाही. रविवार उजाडला. सोमवारी सकाळी छापखान्याला उत्तर द्यायचं होतं. वर्ग संपल्यावर सर खुर्चीतच बसून राहिले. समोर वही, एक ठिपका. बावीस वह्यांची पिशवी त्यांनी सोबत आणली होती आणि ती मांडीवर घेऊन ते बसले होते. मला ते बघवेना. संध्याकाळी कर्नलसाहेब चहाला बाहेर आले तसा मी गच्चीवर गेलो आणि विचार केला की कबुतरं दिसली पाहिजेत, उडाली पाहिजेत. मी खोक्याचं दार उघडलं.

“आवो, नवी हायती ती,” रामभाऊ खालून म्हणाले. “परत याची न्हाईत.”

ती परत आली नाहीत. तीन कात्रजच्या दिशेला गेली, मेव्हण्याकडं. चौथं थेट कर्नलसाहेबांच्या चहाच्या टेबलावर उतरलं. मी हातात रोजनिशी घेऊनच गच्चीवरून खाली, तिथून कुंपणावरून हिरवळीवर आणि हिरवळीवरून गुलाबाच्या वाफ्यात गेलो. कबुतर टेबलावरून उडून माझ्या मागच्या बाजूला बसलं. मी वळलो तो टेबलावरच आदळलो. किटली माझ्याआधी खाली पोचली.

कर्नलसाहेब उभे राहिले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मोडलेल्या गुलाबाकडं पाहिलं, मग कुंपणापलीकडं आलेल्या रामभाऊंकडं. कबुतरं कुणाची, हे त्यांनी हिंदीत विचारलं.

“माझीच, साब.”

“कबसे?”

“गुरुवारपास्नं.”

“क्यों?”

रामभाऊ माझ्याकडं पाहू लागले. मी रोजनिशी पाठीमागं लपवली. एव्हाना सर लंगडत कुंपणाशी येऊन पोचले होते. कर्नलसाहेब त्यांना ओळखत होते, रविवारी शेजारच्या गाळ्यात वर्ग घेणारे मास्तर म्हणून. ते सरांकडं वळले. माझ्याकडं नुसता हात केला आणि खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं, अगदी सावकाश विचारलं, “मास्टरजी, व्हाय डू यू कीप दिस फूल?” या मूर्खाला तुम्ही कशासाठी बाळगलंय?

सरांचा हात कानाकडं गेला होता. पिशवी त्यांनी कुंपणाच्या खांबावर टेकवली, वही काढली, ठिपक्याचं पान उघडलं आणि सगळं वाक्य एकेक शब्द करत लिहून घेतलं. कोण म्हणालं, ते समोर होतं. कुणाला आणि कुठं, तेही होतं. सरांनी मान वर केली आणि विचारलं, “साक्षीदार?”

“म्या हाय की मास्तर,” रामभाऊ म्हणाले. “आन् लिवा बिनघोर. सायबांनी काय खोटं न्हाई सांगितलं.”